कामाला लावलेली मुंडकी

फक्त मुंडकं उरलेल्या दोन प्राण्यांच्या गोष्टी आहेत. एक आपली, एक फ्रान्सची.

आपली अशी. जालंधर दैत्याने राहूला दूत करून शंकराकडे पाठवलं, पार्वतीची मागणी घालायला. ते शब्द कानांवर पडताच शंकराच्या भुवयांमधून एक भयंकर प्राणी निघाला. सिंहाचं तोंड, लवलवती जीभ, खपाटीला गेलेलं पोट. तो राहूला गिळायला धावला. राहूने शंकराचेच पाय धरले आणि शंकराने त्याला अभय दिलं. भुकेला प्राणी विचारू लागला, मग मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली. पाय गेले, हात गेले, पोट गेलं, छाती गेली, शेवटी नुसतं तोंड उरलं. तेव्हा शंकर प्रसन्न झाले. त्यांनी त्याचं नाव ठेवलं कीर्तिमुख, आणि सांगितलं, तू कायम माझ्या दारात राहा. तेव्हापासून तो राहिला आहे. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या दगडी देवळाचा उंबरठा पाहा, वटारलेल्या डोळ्यांची, सुळे दाखवणारी तोंडं तिथे बहुधा असतात. आपण वाकून त्यांनाच आधी हात लावतो, मग आत जातो.

फ्रान्समधली गोष्ट रूआँ शहराची. सीन नदीच्या दलदलीत एक अजस्र सर्पासुर राहायचा. बोटी उलथवायचा, पूर आणायचा, माणसं ओढून न्यायचा. सातव्या शतकात तिथला बिशप रोमाँ त्याला वश करायला निघाला, तेव्हा सोबत यायला शहरातला एकच माणूस तयार झाला. तो होता देहदंडाची शिक्षा झालेला कैदी. रोमाँने आपल्या गळ्यातलं पवित्र वस्त्र त्या सर्पाच्या मानेत अडकवलं आणि त्याला शहरात आणलं. लोकांनी त्याला जाळलं. धड जळून गेलं, पण जन्मभर आग ओकणारं डोकं आणि मान काही जळेना. मग ते डोकं चर्चच्या भिंतीवर नेऊन बसवलं आणि पावसाचं पाणी त्याच्या तोंडातून बाहेर पडू लागलं. युरोपातल्या जुन्या इमारतींवर वळचणीपाशी जी अक्राळविक्राळ तोंडं दिसतात, ज्यांना गार्गॉइल म्हणतात, त्यांचा मूळपुरुष तो हाच, असं तिथले लोक सांगत आले.

एक दारात बसला, एक वळचणीला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचं कुठे दिसत नाही, पण दोन्हींतला शहाणपणा मला एकच वाटतो. भयंकराला मारून टाकण्यात किंवा हाकलून देण्यात दोन्हीकडच्या लोकांनी समाधान मानलं नाही. त्याला नोकरी दिली.

नोकरी अगदी रोकडी आहे. दगडी इमारतीचा खरा वैरी पाणी. दगड फार सावकाश झिजतो, लवकर झिजतो तो दगडांच्या सांध्यातला चुना. छपरावरचं पाणी भिंतीवरून वर्षानुवर्षं ओघळत राहिलं तर ते सांध्यांतून चुना थोडा थोडा धुऊन नेतं, आत ओलावा धरतो, त्या ओलाव्यात पिंपळाचं बी रुजतं, आणि पिंपळाची मुळं शिरली की घडीव दगडही सुटे होतात. म्हणून पाणी भिंतीला न लागता लांब फेकलं जायला हवं. त्यासाठी पाथरवटाने लांब दगड घ्यायचा, त्याचा मागचा भाग भिंतीत खोल रोवायचा, पुढचा भाग अधांतरी बाहेर काढायचा आणि वरच्या अंगाला पाण्यासाठी खोबण कोरायची. झाली पन्हळ. एवढ्यावर काम भागलं असतं. पण तो अधांतरी दगड पाहून कुठल्यातरी पाथरवटाला त्यात मान दिसली, मानेच्या टोकाला जबडा दिसला. कधीकाळी ग्रीकांनी आपल्या देवळांच्या छपरांच्या कडेला सिंहाची तोंडं बसवली होती. आपल्या शिल्पींनी मकर बसवला. कुत्रे, माकडं, पंखांचे राक्षस बसवले गॉथिक चर्चवाल्यांनी.

पॅरिसच्या नोत्र दामच्या मनोऱ्यांवर हातांत हनुवटी धरून शहराकडे पाहत बसलेला जो शिंगवाला प्राणी चित्रांत नेहमी दिसतो, तो मध्ययुगातला असेल असंच पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकातला आहे. 1844 नंतरच्या वीसएक वर्षांच्या डागडुजीत व्हायोले-ल-द्यूक या वास्तुकाराने ही मंडळी मनोऱ्यांच्या सज्जावर आणून बसवली. पाणी टाकण्याचं कामही त्यांच्याकडे नाही, ते खालच्या खऱ्या पन्हळींकडे. हे वरचे नुसते पाहत बसलेले. मला ही तारीख महत्त्वाची वाटते ती मुंबईमुळे. ती डागडुजी संपल्यावर जेमतेम चौदा वर्षांनी, 1878 मध्ये, बोरीबंदरला एका प्रचंड स्टेशनाचं काम सुरू झालं. पॅरिसचे ते प्राणी आणि आपल्या व्हीटीचे प्राणी म्हणजे एकाच पिढीची भावंडं.

हो, व्हीटीच, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस. 1996 पासून छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि 2017 पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे नाव आहे, पण जिच्याबद्दल मी लिहिते आहे ती दगडाची इमारत त्या जुन्या नावाने माझ्या तोंडात बसली आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने तिचा आराखडा केला, सीताराम खंडेराव हे त्याचे सहायक अभियंता होते, आणि काम दहा वर्षं चाललं. मालाडचा पिवळसर दगड, काळानिळा बेसॉल्ट, कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ चुनखडक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ. घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती, लंडनच्या टॉमस अर्प या शिल्पकाराची. एवढं सगळ्या मार्गदर्शक पुस्तकांत असतं. मला त्या मूर्तीच्या खाली काय चाललंय त्यात जास्त गोडी आहे.

जुलैत, सर लागलेली असताना, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर छत्री घेऊन उभं राहावं. सुट्टीचा दिवस बरा, नाहीतर गर्दी उभं राहू देत नाही. उन्हाळ्यात ही इमारत एकरंगी दिसते, पिवळी आणि धुळकट. पावसात तिचे दगड वेगवेगळे होतात. मालाडचा दगड भिजून मधासारखा गडद होतो, बेसॉल्ट शाईइतका काळा पडतो, आणि त्या दोहोंमधल्या कोरीव पट्ट्या एकदम उठून येतात. मग नजर कुठेतरी एका पन्हळीवर थांबते. पुढचे दोन पाय कंगोऱ्यावर घट्ट रोवलेले, नखं दगडात रुतलेली. मान पुढे ताणलेली, इतकी की गळ्याच्या शिरा कोरलेल्या दिसतात. कान मागे दाबलेले. मगरीसारखा जबडा उघडा, आणि खालच्या ओठावर हिरवट काळं शेवाळ, नेमकं जिथून पाणी जातं तिथे. त्या ओठाची कड गुळगुळीत झाली आहे. छिन्नीने कोरलेले दात अजून धारदार आहेत, पण ओठ पाण्याने गोल केला आहे. त्या ओठाशी थेंब जमतो, जड होतो, सुटतो, आणि भिंतीला न लागता खाली जातो.

इथली सगळीच तोंडं पाणी टाकत नाहीत. इमारत उभी राहिली तोवर पाणी उतरवायला लोखंडी नळ आले होते. लंडनमध्ये तर नव्या घरांना नळ बसवण्याचा कायदा 1724 मध्येच झाला होता, आणि तिथूनच पन्हळींच्या धंद्याला उतरती कळा लागली. त्यामुळे व्हीटीवर कामकरी प्राणी आहेत, तसे नुसते बसलेलेही पुष्कळ. खांबांच्या माथ्यावरच्या पानांत माकडं आहेत, कमानीच्या पोटात पिसारा फुलवलेला मोर आहे, वेलींच्या गाठींत साप आहेत, पक्षी आहेत. युरोपातल्या गॉथिक चर्चवर ओकची आणि द्राक्षाची पानं असतात. इथे डोळे सरावले की पाहणाऱ्याला आपल्या ओळखीचं रान सापडू लागतं.

हे कोणी कोरलं? स्टेशनच्या कोरीव कामाचे नमुने आणि बरंचसं कोरीव कामही जवळच्याच सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून झालं. शाळा 1857 मध्ये निघाली, जमशेटजी जीजीभॉयांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून. जॉन लॉकवुड किपलिंग 1865 मध्ये तिथे शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरचे शेतकरी आणि बाजारकरी हे त्यांचं काम. 1875 मध्ये ते लाहोरला गेले. मागे राहिले जॉन ग्रिफिथ्स, आणि व्हीटीचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. आता ग्रिफिथ्स त्या काळात आणखी काय करत होते पाहा. 1872 पासून ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. हे काम 1885 पर्यंत चाललं. म्हणजे ज्या वर्षांत बोरीबंदरला दगड चढत होते, त्याच वर्षांत त्याच शाळेतली मुलं वाघूर नदीच्या घळीत, अंधाऱ्या विहारांत, अंगठ्याएवढ्या फुलापासून बोधिसत्त्वाच्या भुवयांपर्यंत सगळं रेघेला रेघ लावून उतरवत होती. त्या नकलांपैकी कितीतरी पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. मुलांच्या हातात उतरलेलं मात्र जळण्यासारखं नव्हतं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात छताच्या तुळया खांद्यावर पेलणारे बुटके, गुबगुबीत गण आहेत. त्यांच्याकडे मान वर करून पाहिलेला कोणी विद्यार्थी पुढे व्हीटीच्या खांबाखाली बसून माकड कोरत होता, असा कागदोपत्री पुरावा मी देऊ शकत नाही. पण ते माकड पाहताना मला दुसरं काही सुचतही नाही. ते पानांमध्ये असं आरामात बसलं आहे, जसं आपल्या देवळांच्या खांबांवर बसतं. आत येणाऱ्याला घाबरवण्याची त्याला काही घाई नाही.

व्हीटीच्या भिंतीवर माणसांची तोंडंही आहेत. गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे अर्धपुतळे आहेत, त्यांत नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी आहेत. इमारतीचा पाया घातला तेव्हा दोघेही हयात नव्हते. शिवाय देशातल्या निरनिराळ्या समाजांच्या पुरुषांची सोळा डोकी आहेत, प्रत्येकाचं पागोटं वेगळं. राजाबाई टॉवरवर तर असे चोवीस पूर्णाकृती पुतळे आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडवले. मनोरा 1878 मध्ये पुरा झाला आणि तो दोनशेऐंशी फूट उंच आहे, त्यामुळे रस्त्यावरून या माणसांचे चेहरे धड दिसत नाहीत. हे पुतळे पाहताना मी थोडी अवघडते. माणसांना पागोट्यावरून ओळखून ओळीत उभं करण्यामागे राज्यकर्त्याची नजर आहे. त्या काळात जनगणनेच्या आणि जातींच्या नोंदींच्या वह्या भरल्या जात होत्या, त्याच वहीचं हे दगडी पान. तरीही ते घडवणारा हात इथला होता. त्याने पागोट्याचा पीळ ज्या काळजीने घातला आहे, ती काळजी वही भरणाऱ्याची नाही. ती पागोटं बांधता येणाऱ्याची आहे.

आणि हा टॉवर ज्या ओव्हल मैदानाच्या कडेला आहे, त्याच कडेला थोडं उत्तरेला हायकोर्ट आहे. जेम्स फुलर यांचा आराखडा, 1871 ते 1878 चं काम. तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर न्यायाधीश झालेलं माकड आहे. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा, हातात कललेला तराजू. दुसरीकडे गळपट्टी बांधलेला वकील कोल्हा. सांगतात की एक पारशी कंत्राटदार कोर्टात खटला हरला आणि त्याने आपला राग असा दगडात ठेवून दिला. गोष्ट खरी असो नसो, माकड खरं आहे. ज्या इमारतीच्या टोकावर न्यायदेवता आणि दया उभ्या आहेत, तिच्याच सावलीत ते इतकी वर्षं बसलं आहे आणि कोणत्याही न्यायाधीशाने ते काढून टाकायला लावलेलं नाही. या गोष्टीबद्दल मला त्या कोर्टाचा आदर वाटतो.

मुंबईच्या या मुंडक्यांना निदान पहारेकरी आहेत. व्हीटी 2004 मध्ये जागतिक वारसा झाली, ओव्हलभोवतीच्या इमारती 2018 मध्ये. माझा जीव तुटतो तो खेड्यांतल्या देवळांसाठी.

शंकराच्या देवळात प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. गाभाऱ्याच्या उत्तरेच्या भिंतीतून अभिषेकाचं पाणी जिथे बाहेर पडतं, त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. ती ओलांडायची नाही. पाणी बाहेर टाकणाऱ्या दगडाला याहून मोठा मान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पाण्याने जिथून जायचं ठरवलं तिथे माणसाने आपली वाट वळवली. त्या जागी बहुतेक वेळा मकर असतो किंवा गोमुख. मकराचं नाक सोंडेसारखं वर वळलेलं, गाल फुगलेले, डोळे आनंदी. अंबरनाथचं देऊळ शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. सिन्नरचा गोंदेश्वर त्याच शैलीतला. अशी संरक्षित देवळं सोडली, तरी गावोगाव याच घडणीची कितीतरी लहान देवळं आहेत, निम्मी पडलेली, निम्मी पुजली जाणारी, कुठल्याच यादीत नसलेली.

नगर जिल्ह्यातल्या अशाच एका देवळाचा जीर्णोद्धार झाल्यावर मी ते पाहिलं. बांधलं तेव्हापासून उघडा असलेला काळा दगड तैलरंगाने भगवा आणि पिवळा झाला होता. सभामंडपात चकचकीत फरशी होती. उंबरठ्यावरचं कीर्तिमुख सिमेंटच्या गिलाव्याखाली अर्धं गेलं होतं, वटारलेला एकच डोळा बाहेर. आणि उत्तरेच्या भिंतीत मकराच्या जबड्यात करड्या रंगाचा प्लॅस्टिकचा पाइप कोंबला होता, भोवती सिमेंट थापून. पाइप खाली वाकवून गटारात सोडलेला. मी तिथे असताना एक म्हातारे गृहस्थ प्रदक्षिणा घालत आले. पाइपापाशी थांबले, हात जोडले आणि मागे फिरले.

हे ज्यांनी केलं त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. त्यांनी वर्गणी काढली, पदराला खार लावून घेतला, आणि देऊळ नवं व्हावं म्हणून जे बाजारात मिळतं ते आणलं. पण सिमेंट चुन्यासारखं श्वास घेत नाही. ते आतला ओलावा आत कोंडतं. बाहेर पडायला वाट न मिळालेलं पाणी मग शेजारच्या दगडातून फुटतं, पापुद्रे निघतात, आणि जो मकर उघड्यावर नऊशे वर्षं टिकला तो गिलाव्याखाली आपल्या डोळ्यांदेखत भुगा होऊ लागतो. तैलरंगाचं तेच. पूर्वीचे लोक डागडुजीसाठी चुना घाणीत मळायचे, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे आणि दर वर्षी पावसाच्या आधी पन्हळी साफ करायचे. पाला काढायचा, मातीचा गोळा काढायचा, कोवळा पिंपळ उपटायचा. एका दिवसाचं काम. तेवढ्याने देऊळ उभं राहायचं.

आपल्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा भरेल, तेव्हा जा आणि मागच्या रांगेत का होईना, बसा. रंग कोणता, फरशी कोणती, देणगीदारांची पाटी केवढी, या सगळ्यावर बोलणं होईल. एवढंच विचारा, पन्हळीचं काय करणार आहात? तिच्या तोंडात पाइप घालू देऊ नका. उंबरठ्यावर गिलावा चढू देऊ नका. चुन्याचं काम येणारा गवंडी अजून सापडतो, त्याला शोधा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला आधी पत्र लिहा. आणि कुणाला वेळ नसेल तर निदान मे महिन्याच्या अखेरीला शिडी लावून त्या दगडाच्या तोंडातला पाला तुम्ही स्वतः काढा.